चित्रकार्ड आणि रंगांचे मौन

आकृती नाही, कथा नाही, केवळ रंगांचे विस्तीर्ण पट. अशा चित्रांना अमेरिकेत ‘कलर फील्ड’ हे नाव मिळाले. त्यांची पोस्टकार्डाएवढी चित्रकार्डे पाहून ‘ही शून्यतेची चित्रे होत’ असा निर्वाळा देण्याचा मोह होतो. तो निर्वाळा तपासून घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

बार्नेट न्यूमन यांचे ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ (१९५०-५१) हे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील लाल चित्र सुमारे २४२ सेंटिमीटर उंच व ५४१ सेंटिमीटर रुंद आहे. मोठी चित्रे जवळून पाहावीत, अशी सूचना न्यूमन यांनी १९५१ च्या प्रदर्शनात लावली होती. जवळ उभे राहिले की लाल रंग नजरेत मावत नाही. १५ सेंटिमीटरच्या कार्डात तेच चित्र छत्तीसपट आक्रसते. आपण त्याच्यापुढे उभे राहत नाही, तेच आपल्या तळहातावर येते.

इंद्रिय, विषय आणि विज्ञान यांच्या संयोगास धम्मात स्पर्श म्हटले आहे. स्पर्शातून वेदना उपजते. येथे विषयच बदलला, तेव्हा वेदनाही निराळी. कार्डावरून दिलेला निर्वाळा ऐकीवच ठरतो, आणि ऐकीवावर विसंबू नये, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

छापील चित्राला तुच्छ लेखणे मात्र आम्हांस मान्य नाही. बुद्ध आणि बाबासाहेब आमच्या घराघरांत पोहोचले ते स्वस्त छापील तसबिरींतूनही. तसबीर लहान झाली तरी मुद्रा ओळखू येते, स्मरण जागे होते. कलर फील्डचा अर्थ मात्र आकारमानाशीच निगडित आहे.

कार्ड परिसरही कापून टाकते. न्यूमन यांचेच ‘ब्रोकन ओबेलिस्क’ हे शिल्प मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीस अर्पण करण्यास ह्यूस्टन शहराने १९६९ मध्ये नकार दिला. तेव्हा द मेनिल दांपत्याने ते स्वतः विकत घेतले आणि १९७१ मध्ये खुल्या झालेल्या रॉथको चॅपलसमोर किंग यांच्या स्मरणार्थ उभारले. आत मार्क रॉथको यांची चौदा काळसर चित्रे, बाहेर समतेच्या लढ्याचे स्मरण. कार्डावर येते ते केवळ आतले मौन. समतेपासून तोडलेले मौन ही शून्यता नव्हे. ती सजावट होय.

म्हणून कार्ड अवश्य बाळगावे. पण त्यावर मूळ चित्राची मोजमापे व स्थान लिहून ठेवावे, विहाराच्या भिंतीवर तेवढी चौकट नजरेने आखून पाहावी, आणि मगच मत द्यावे.