चौकातून चौकटीत

जयगडच्या जेटीवर वाळत घातलेलं जाळं दिसलं की जिव्या सोमा मशे यांची जाळ्याची चित्रं आठवतात. शेणानं सारवलेल्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक रेषा. एक रेष दुसरीसारखी नाही, तरी सारं जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं. ज्याच्या घरात जाळं विणलं जातं, त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

मशे (1934–2018) डहाणू तालुक्यातले वारली. लहानपणी आई गेली, तेव्हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रं काढून मनातलं सांगू लागला, असं सांगतात. वारल्यांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं भिंतीवर लिहायचा मान सवाशिणींचा. मशे पुरुष असून, लग्नाचं निमित्त नसतानाही, रोज लिहू लागले. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ही हुनर ओळखली आणि 1975 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये मशे यांचं प्रदर्शन भरलं.

केमोल्डचे केकू गांधी मूळचे चित्रांच्या चौकटी बनवणारे. 1963 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत त्यांनी आणि खोर्शेद गांधी यांनी ही गॅलरी सुरू केली. हुसेन, तय्यब मेहता यांच्या पिढीची चित्रं दाखवणाऱ्या या गॅलरीत न शिकलेल्या आदिवासीचं चित्र नावानिशी लावणं हे धाडस होतं. हस्तकलेच्या दुकानात वस्तूला किंमत येते, करणारा मात्र अनामिक राहतो. केमोल्डनं मशे यांना चित्रकार म्हटलं. कदर म्हणतात ती हीच. पुढं 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार, 1989 चं पॅरिसचं प्रदर्शन, 2011 ची पद्मश्री हे सारं आलं.

तरीही एक खंत उरते. चौकटीत एकच नाव मावलं. ज्या सवाशिणींच्या हातून ही रेष पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली? त्यांचा चौक लग्नापुरता भिंतीवर राहायचा, मग सारवणाखाली जायचा. आज वारली आकृत्या पडद्यांवर, कपबश्यांवर दिसतात, आणि पुन्हा करणाऱ्याचं नाव नसतं.

यात मशे यांचा दोष नाही, गांधींचाही नाही. पण हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. आपल्या आयाबायांनी शिवलेल्या गोधड्या, हळदीच्या रात्री जोडलेली गाणी आपण 'घरचं काम' म्हणून सोडून दिली. कदर करायला मुंबईहून कुणी येईल याची वाट का पाहावी? गोधडीच्या कोपऱ्यावर शिवणारीचं नाव घालायला एक सुई-दोरा पुरतो.