‘सॉनी, प्लीज’ : पदरमोडीची ध्वनिमुद्रिका

पदरमोड करून काढलेल्या पुस्तकाकडे आपण मराठी माणसे काहीशा साशंकतेनेच पाहतो. प्रकाशकाने नाकारले म्हणून लेखकाने स्वतः छापले असणार, असा आपला ग्रह असतो. आमचाही होता. त्यास धक्का दिला तो एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने. सॉनी रोलिन्स यांनी 2006 साली ‘सॉनी, प्लीज’ ही ध्वनिमुद्रिका ‘डॉक्सी’ या स्वतःच्या नाममुद्रेखाली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती.

रोलिन्स यांना कोणी नाकारले असण्याचा प्रश्नच नव्हता. 1930 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मलेल्या या वादकाची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ ही 1956 ची मुद्रिका जॅझमधील मानदंड ठरली. तिच्यातील ‘ब्ल्यू सेव्हन’ हा ब्लूज. एक इवलीशी स्वराकृती घेऊन तिची बढत कशी करावी, याचा तो वस्तुपाठ होय. गुंथर शूलर यांनी 1958 साली त्यावर विश्लेषक निबंध लिहिला. पुढे 1959 मध्ये, कीर्ती ऐन भरात असताना, रोलिन्स यांनी जाहीर वादन थांबविले आणि सुमारे दोन वर्षे विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाझ केला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईजवळ पवई येथील आश्रमात योग व वेदान्ताच्या अभ्यासासाठी येऊन राहिले होते. 1972 पासून तीन दशकांहून अधिक काळ ‘माइलस्टोन’ ही कंपनी त्यांच्या पाठीशी होती.

मग हा स्वतंत्र संसार कशासाठी? त्यांच्या पत्नी ल्युसील त्यांचे सारे व्यवहार पाहत. मुद्रिकांच्या निर्मितीतही पतीच्या बरोबरीने त्यांचे नाव असे. सप्टेंबर 2001 मधील हल्ल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी बॉस्टनला वाजविण्याचा आग्रहही त्यांचाच. 2004 साली त्या निवर्तल्या. ‘सॉनी, प्लीज’ हे त्यांचे वैतागाचे उद्गार. तेच पतीने शीर्षक म्हणून घेतले. अडवणारी व्यक्ती राहिली नाही, तिचा शब्द तेवढा मुखपृष्ठावर राहिला.

मुद्रिकेत सात रचना आहेत. शीर्षकरचना वेगवान व आवेगी. तिच्यातील रोलिन्स यांचा स्वर कोठेही वयस्क वाटत नाही. ‘पार्क पॅलेस परेड’ ही कॅलिप्सो चालीची रचना ऐकताना त्यांच्या आईवडिलांच्या व्हर्जिन बेटांची आठवण व्हावी. आम्हांस सर्वांत भावली ती ‘रिमेंबरिंग टॉमी’. ‘सॅक्सोफोन कोलॉसस’मध्ये पियानोची साथ करणारे टॉमी फ्लॅनागन 2001 साली वारले, ही त्यांना वाहिलेली आदरांजली. या मुद्रिकेच्या वाद्यवृंदात पियानोच नाही. पियानोवादकाचे स्मरण पियानोवाचून व्हावे, हे मुद्दाम योजले असो वा नसो, ती रिकामी जागा ऐकू येते.

तथापि, गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. ट्रॉम्बोन आणि गिटार यांना दिलेला अवकाश आम्हांस जास्त वाटला. सहवादक कसलेले असले, तरी रोलिन्स थांबले की ताण सैलावतो. ‘सेरेनेड’ गोड आहे, पण गोडव्याच्या पलीकडे फारशी जात नाही. येथे कोणी तरी ‘सॉनी, प्लीज!’ म्हणावयास हवे होते.

आमच्या सेवाकाळात आमची कोणतीही टिपणी वरिष्ठांच्या शेऱ्यावाचून पुढे सरकत नसे. निवृत्तीनंतर लिहू लागलो तेव्हा शेरा मारणारे कोणी उरले नाही, याचा आनंद झाला. काही महिन्यांनी त्याच शेऱ्याची उणीव भासू लागली. आमच्या पहिल्या पुस्तिकेतील निम्मी पाने कोणी खोडली असती, तर तिचे भलेच झाले असते. स्वतःच प्रकाशक झालेल्या माणसाने स्वतःचा संपादकही व्हावे लागते, आणि हे दुसरे काम फार कठीण.

रोलिन्स यांनी ते पुरतेपणी साधले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याने आपल्या मुद्रिकेला आपल्यालाच दटावणाऱ्या शब्दांचे नाव दिले, त्यास या अडचणीची जाणीव नव्हती, असेही म्हणवत नाही. पदरमोडीचे पुढचे पुस्तक आमच्या हाती येईल, तेव्हा लेखकास कोणी नाकारले हे आम्ही विचारणार नाही. त्यास अडविणारे घरात कोणी होते काय, एवढेच पाहू.