नक्कल आणि निर्मिती : मोबाईलवरील दोन आकडेखेळ

‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ वाचकांपैकी पुष्कळांनी आपल्या अथवा नातवंडांच्या मोबाईलवर पाहिला असेल. ‘थ्रीज’चे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. वास्तविक मूळ कल्पना ‘थ्रीज’ची. आशर व्होल्मर व ग्रेग वोलवेंड यांनी सुमारे १४ महिने खपून तो फेब्रुवारी २०१४ मध्ये विक्रीस काढला. लगोलग ‘१०२४’ नावाची नक्कल निघाली आणि मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारात ‘२०४८’ रचून लोकांना फुकट दिला. फुकटच्या खेळाने विकतच्यास झाकून टाकले.

दोन्हींचा पट १६ घरांचा. सोंगट्या सरकवून आकडे जुळवायचे. परंतु ‘२०४८’मध्ये सोंगट्या थेट कडेपर्यंत घरंगळतात, मोठा आकडा कोपऱ्यात धरून ठेवला की बराच पल्ला गाठता येतो. ‘थ्रीज’मध्ये १ व २ मिळून ३ होतात, त्यापुढे समान आकडे जुळतात, आणि सोंगटी एका चालीत एकच घर सरकते. पुढे कोणती सोंगटी येणार याची सूचनाही मिळते. म्हणून तेथे प्रत्येक चालीस विचार लागतो. आमच्या मते खेळ म्हणून ‘थ्रीज’च सरस.

मग हा वाद कोर्टात का टिकला नसता? कारण कायदा कल्पनेला नव्हे, तिच्या आविष्काराला संरक्षण देतो. न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयाने २०१२ साली ‘टेट्रिस’ची ‘मिनो’ ही आयफोनवरील नक्कल बेकायदा ठरवली, ती तुकडे रचून ओळी भरण्याच्या कल्पनेमुळे नव्हे. तुकड्यांचे रूप व २० बाय १० घरांचा पट हुबेहूब उचलल्यामुळे. ‘२०४८’ने ‘थ्रीज’चे रूप उचललेले नव्हते.

हा कायदा आम्हांस योग्यच वाटतो. कल्पनेला कुंपण घातले तर नवा खेळ रचणे कोणाला शक्य होईल? परंतु कायद्याने सुटलेला माणूस ऋणातून सुटतोच असे नाही. चिरुल्लीने आपल्या पानावर दोन्ही पूर्वीच्या खेळांची नावे दिली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याच्यामागून आलेल्या कित्येक नकलांनी तेवढेही सौजन्य दाखवले नाही. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी आपला दीर्घ पत्रव्यवहार प्रसिद्ध करून एवढेच दाखवून दिले की, सोपी दिसणारी वस्तू सोपेपणाने घडत नाही.

तेव्हा वाचकहो, घरातील मुलांना दोन्ही खेळ खेळू द्या. मात्र पहिला कोणी रचला, हेही त्यांना सांगा.