डोक्याला वीज, बुद्धीला धार?

अपघातात डोक्याला मार बसलेला विद्यार्थी काही महिन्यांनी वर्गात परत येतो. जखम भरलेली असते. पण वाचलेले ध्यानात राहत नाही, दोन सूचना एकदम दिल्या तर गोंधळ उडतो. अशा वेळी पालकांच्या कानावर येते, की कवटी न उघडता मेंदूला वीज किंवा चुंबक लावून बुद्धी पूर्ववत करता येते. मग ते शिक्षकांचा सल्ला घ्यायला येतात. म्हणून हा दावा तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मुळातले विज्ञान खरे आहे. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला. बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आत गेले, मेंदूत प्रवाह प्रवर्तित झाला आणि हाताचे स्नायू हलले. फॅरेडेचाच हा नियम! दुसऱ्या पद्धतीत ओल्या स्पंजाची दोन विद्युत अग्रे डोक्याला लावून एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह वीसेक मिनिटे सोडतात. त्याने चेतापेशी थेट उद्दीपित होत नाहीत. उद्दीपित होण्याची त्यांची तयारी कमीजास्त होते. जर्मनीतील गॉटिंगेन येथे निट्शे व पाउलुस यांनी २००० साली हे दाखवले.

पण ते निरोगी माणसांच्या हाताच्या स्नायूंपुरते. तेथून थेट स्मृती आणि विचारांपर्यंत उडी मारणे आम्हांला मान्य नाही. निरोगी माणसांवरील एकेका सत्राच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली हॉर्वथ व सहकाऱ्यांनी केले, तेव्हा बुद्धीवर खात्रीलायक परिणाम आढळला नाही. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप आले, हेही सांगायला हवे. उलट २०१४ साली बेल्जियममधील लिएज येथे, अत्यल्प शुद्धीवर असलेल्या ३० रुग्णांपैकी १३ जणांत एका सत्रानंतर जाणिवेची नवी चिन्हे दिसली. लुटुपुटूच्या सत्रानंतर ती दिसली नव्हती. निष्कर्ष आशादायक खराच. पण डोळ्यांनी वस्तूचा माग घेणे वेगळे आणि गणित सोडवणे वेगळे.

तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतात, हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय मार बसल्यानंतरच्या महिन्यांत मेंदू आपणहूनही सावरत असतो. म्हणूनच प्रवाह अर्ध्या मिनिटात गुपचूप बंद केलेल्या गटाशी तुलना नसेल, तर 'सुधारणा झाली' या वाक्याला अर्थ उरत नाही. चुंबकीय पद्धतीला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली ती औदासीन्यासाठी. तिचा दाखला स्मृतीसाठी देणे गैर आहे. त्यात इजा झालेल्या मेंदूला झटके येण्याचा धोका अधिक असतो आणि कवटीला छिद्र असेल तर प्रवाहाची वाटही बदलते. घरगुती यंत्रावर हे प्रयोग करू नयेत.

पालकांनी उपचार करणाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत: तुलना कशाशी केली? सुधारणा चाचणीतच दिसली की रोजच्या कामातही? आणि सहा महिन्यांनी ती टिकली का? उत्तरे मिळेपर्यंत वर्गात एका वेळी एकच सूचना, वहीत नोंद आणि मध्ये थोडा विसावा, एवढे तर आपल्या हातात आहे. त्याला यंत्र लागत नाही.