कारखान्याच्या दाराशीं थांबलेलें साहित्य

इ. स. २०१६ च्या जानेवारी महिन्यांत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी येथें भरलें होतें. तेथून परततांना दुसऱ्या पाळीच्या कामगारांच्या गाड्या आमच्या शेजारून जात होत्या. एकाच रंगाचे सदरे घातलेलीं माणसें, कोणी पेंगत, कोणी हंसत, कोणी खिडकीबाहेर पाहात, कामावर निघालीं होतीं. त्यांजकडे पाहतां पाहतां आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला, व तो अद्याप आम्हांस सोडीत नाहीं. ज्या भूमीवर आपण सारस्वतांचा मेळा भरविला, त्या भूमीवरील माणूस दिवसाचे आठ तास जेथें घालवितो, तें स्थळ मराठी साहित्यांत कोठें आहे?

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, कामगारांविषयीं मराठींत कांहीं थोडें लिहिलेलें नाहीं. तें खरें आहे. मामा वरेरकरांनीं 'धावता धोटा' लिहून गिरणीचें जग कादंबरींत आणलें, त्यास आतां कित्येक दशकें लोटलीं. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनीं कामगाराला काव्याचा विषय केलें, एवढेंच नव्हे, तर त्यास काव्याचा वक्ता केलें. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या गिरणीसंपानें उद्ध्वस्त झालेलें घर जयंत पवार यांनीं 'अधांतर' नाटकांत असें उभें केलें आहे कीं, तें पाहिल्यावर प्रेक्षकास सुखानें जेवण जाऊं नये. या थोर कृतींचें ऋण आम्ही मानतों.

परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या परंपरेनें कामगाराची चाळ दाखविली, मोर्चा दाखविला, संपांतील उपासमार दाखविली, मालकाचा लोभ दाखविला. म्हणजे कामगार कामावर नसतांना, अथवा मालकासमोर उभा असतांना कसा दिसतो, हें तिनें दाखविलें. एका यंत्रावरचा कामगार शेजारच्या यंत्रावरील कामगाराशीं कसा वागतो, हा प्रश्न बहुतेक ठिकाणीं दाराबाहेरच राहिला. आमचें साहित्य कारखान्याच्या दारापर्यंत गेलें. आंत जाण्याचा परवाना त्यानें मागितलाच नाहीं.

आणि आंत काय आहे? पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आल्यानंतर चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गांवांच्या शिवारांत पिकांच्या जागीं छपरें उभीं राहिलीं. पुढें ही लाट चाकणास पोंचली. एके काळीं फिरंगोजी नरसाळ्यानें लढविलेल्या किल्ल्यासाठीं व कांद्याच्या बाजारासाठीं ठाऊक असलेलें हें गांव आतां मोटारींसाठीं जगास ठाऊक झालें आहे. या पट्ट्यांतील अनेक कारखान्यांत एकाच रांगेंत तीन प्रकारचीं माणसें उभीं असतात: एक कायम, दुसरा शिकाऊ किंवा हंगामी, तिसरा ठेकेदाराचा. काम पुष्कळदां तेंच, घाम तोच. पगार मात्र निराळा आणि उद्यांची शाश्वती त्याहून निराळी. या तिघांमध्यें सहकार्य कसें होतें, स्पर्धा कशी होते, आणि एकाच मनुष्याच्या अंतःकरणांत तीं दोन्ही एकाच वेळीं कशीं नांदतात, याहून अधिक नाट्यमय विषय कादंबरीकारास कोणता हवा आहे?

आमचा एक जुना विद्यार्थी याच पट्ट्यांतील एका कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागला होता. त्याच्या शेजारीं लेथवर एक वयस्क टर्नर असे. हत्यार मोडण्यापूर्वीं यंत्राचा आवाज किंचित् बदलतो, व तो बदल ज्यास कळतो त्याचा माल खराब जात नाहीं. त्या वृद्धास तो कळे. मुलानें सहा महिने विचारलें. वृद्धानें सहा महिने ऐकूं न आल्याचें सोंग केलें. कारण उघड होतें. जें ज्ञान तीस वर्षांच्या कानांत सांठलें होतें, तें एकदां त्या स्वस्त मुलाच्या कानांत गेलें कीं महागड्या कानाची गरज काय? पुढें एके रात्रीं मुलाचें हत्यार मोडलें. दुसऱ्या दिवशीं त्याचें नांव लिहिलें जाणार, हें निश्चित होतें. वृद्धाची पाळी संपली होती, घरीं जाणारी गाडी उभी होती. ती त्यानें सोडली व दीड तास थांबून यंत्र लावून दिलें. मुलानें विचारलें, "काका, माझ्यासाठीं थांबलांत?" तो म्हणाला, "तुझ्यासाठी कशाला थांबू? माल खराब गेला तर मला झोप लागत नाय."

हें ऐकून आम्हीं त्या विद्यार्थ्यास म्हटलें कीं, ही गोष्ट तूं लिही. तो हंसला व म्हणाला, "सर, यांत गोष्ट काय आहे?" त्याचें तें उत्तर हाच आमच्या साहित्यावरील सर्वांत कठोर अभिप्राय होय. दहा वर्षें मराठीचीं क्रमिक पुस्तकें वाचलेल्या मुलास, आपल्या कामाच्या ठिकाणीं जें घडतें तें गोष्ट होऊं शकतें, असें वाटलें नाहीं. आणि त्याला तें शिकविण्यांत आमचाही हात होताच.

या विषयाकडे पाहण्याच्या दोन ठराविक दृष्टि आहेत, आणि दोन्ही आम्हांस अपुऱ्या वाटतात. पहिली दृष्टि व्यवस्थापकांची. स्पर्धेनें मनुष्य घडतो, तेव्हां महिन्याचा उत्तम कामगार निवडा, त्याचें छायाचित्र भिंतीवर लावा, म्हणजे बाकीचे धांवूं लागतील, असें ती सांगते. या समजुतीची परीक्षा अमेरिकेंत केव्हांच झाली आहे. शिकागोनजीक हॉथॉर्न येथील कारखान्यांत १९३१-३२ सालीं चौदा कामगारांस एका निराळ्या खोलींत ठेवून त्यांच्या वागणुकीचें निरीक्षण करण्यांत आलें. वेतन सर्वांच्या एकत्रित उत्पादनावर अवलंबून होतें. तेव्हां प्रत्येक जण दुसऱ्यास पुढें ढकलील अशी अपेक्षा होती. घडलें उलटें. दिवसाचें काम किती, हें त्यांनीं आपसांत ठरवून टाकलें होतें. त्याहून अधिक करणाऱ्याची थट्टा होई, प्रसंगीं दंडावर ठोसाही बसे; आणि फार कमी करणाराही त्यांस खपत नसे. त्याच वेळीं, नियमानें मनाई असतांही, तीं माणसें एकमेकांच्या कामास हात लावीत होतीं. १९५० सालीं जपानी उद्योगपतींस गुणवत्तेचे धडे देणारे डेमिंग हे तर पुढें स्पष्टच म्हणूं लागले कीं, माणसांची वार्षिक गुणवारी लावण्याची पद्धत एकोप्यानें काम करण्याची वृत्ति मारून टाकते.

दुसरी दृष्टि आमच्या पुरोगामी लेखकांची. कामगार म्हटला कीं तो एकसंध, त्याचा शत्रु एकच, आणि कामगारांमधील हेवादावा हा केवळ मालकानें लावलेला कलह, असें ती मानते. मालक कलह लावीत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु १९८९ सालीं टेल्कोच्या पिंपरी येथील कामगारांचा जो लढा झाला, त्यांत शनिवारवाड्यापाशीं उपोषणास बसलेले कामगार जसे होते, तसेच कारखान्यांत कामावर जाणारेही कामगार होते. सप्टेंबराच्या अखेरीस पोलिसांनीं उपोषणकर्त्यांस रात्रीं उचलून नेलें, आणि तो लढा मोडला. त्यानंतर हे दोघे पुन्हा एकाच छपराखालीं आले असतील तेव्हां त्यांनीं एकमेकांस डबा पुढें केला असेल काय? केला असल्यास प्रथम कोणीं केला? वृत्तपत्रांचें काम लढा संपला कीं संपतें. साहित्याचें काम त्या डब्यापाशीं सुरू होतें. तें कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

तें करतां येतें, हें बाबुराव बागुलांनीं १९६३ सालींच दाखवून ठेवलें आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेंतील दलित तरुण रेल्वेच्या नोकरींत जात लपवून राहतो. सहकारी त्यास आपला मानतात, मान देतात. जात उघड होतांच तेच त्याजवर तुटून पडतात. मालक येथें जवळजवळ दिसतच नाहीं. बरोबरीच्या माणसांचा स्नेह किती खरा होता आणि किती अटींवर होता, हेंच या कथेचें मर्म आहे. सहकार्याच्या मुळाशीं "हा आमच्यांतला" ही भावना असते, आणि तीच भावना दुसऱ्यास बाहेर ढकलण्याचें हत्यारही होते, हें सत्य कोणत्याही घोषणेंत मावत नाहीं. बागुल दाराशीं थांबले नाहींत. त्यांच्या मागून त्या वाटेनें जाणारे मात्र फार थोडे निघाले.

कोणी असें म्हणेल कीं, हा सारा यंत्रयुगाचा दोष; आमच्या गांवांत केवळ सहकार्य होतें. हेंही आम्हांस मान्य नाहीं. चाकण-खेडच्या शेतकऱ्यास इर्जिक ठाऊक होती. शेजाऱ्याचें रान नांगरावयाचें असलें कीं दहा जणांचे बैल त्याच्या शेतांत उतरत, आणि मोबदला एका जेवणाचा. परंतु तोच शेतकरी बैलगाड्याच्या शर्यतींत शेजाऱ्याच्या बैलांहून आपले बैल एका क्षणानें पुढें यावेत म्हणून वर्षभर पोटास चिमटा घेई. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं या शर्यतींचा कायदा वैध ठरविला तेव्हां त्या भागांत झालेला आनंद आम्हीं पाहिला आहे. स्पर्धेचें प्रेम मनुष्यास उपजतच आहे. मात्र जुन्या गांवानें एक शहाणपण पाळलें होतें: शर्यतीची जागा घाट, इर्जिकीची जागा शेत. घाटावर हरलेल्याची भाकरी जात नसे. आजच्या कारखान्यानें घाट उचलून शेतांत आणला आहे. ज्या ठिकाणीं भाकरी पिकावयाची, तेथेंच शर्यत लावली आहे, आणि हरणाऱ्यास शेताबाहेर काढण्याची तजवीज केली आहे. त्या वृद्ध टर्नरानें आपलें ज्ञान लपविलें तें दुष्टपणानें नव्हे. पायाखालचें शेत जाईल या भयानें लपविलें. भय दूर झाल्यावांचून त्यास उदारतेचा उपदेश करणें हा आम्ही ढोंगीपणा समजतों.

आणि हा उपदेश करणारे आम्ही कोण? विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं प्राध्यापकांच्या कामास गुण लावण्याची पद्धत सुरू केली. तोंवर आमच्या प्राध्यापककक्षांत एखादें नवें पुस्तक आलें कीं तें चार हातांतून फिरे. त्यानंतर जो तो आपला निबंध कोठें छापून येणार, हें झांकून ठेवूं लागला. आम्हींही ठेवलें, हें कबूल करावयास हवें. एका तरुण सहकाऱ्यानें एका नियतकालिकाचा पत्ता विचारला असतां आम्हीं "पाहून सांगतों" म्हटलें, आणि तें कधींच पाहिलें नाहीं. त्या टर्नरापाशीं निदान खराब मालाची लाज होती, व त्या लाजेपायीं तो दीड तास थांबला. आमची गाडी आम्हीं कधीं सोडली, हें आठवून पाहतों तों आठवत नाहीं.

म्हणूनच हा प्रश्न केवळ पिंपरी-चाकणच्या कामगाराचा नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांतील मुलगे-मुली आज त्याच पट्ट्यांत अभियंते, हिशेबनीस, पर्यवेक्षक म्हणून जात आहेत. संध्याकाळीं घरीं आल्यावर "आज काय झालें?" या प्रश्नास तीं "कांहीं नाहीं" असें उत्तर देतात. त्या "कांहीं नाहीं"मध्यें एखाद्यानें लपविलेलें ज्ञान असतें, एखाद्यानें दुसऱ्यासाठीं सोडलेली गाडी असते. हें ज्यास ऐकूं येईल, असा लेखक आम्हांस हवा आहे. त्यानें कामगाराची कींव करूं नये, त्याचा जयजयकारही करूं नये. यंत्राचा आवाज बदलला तर तो बदल कळेल इतका वेळ त्यानें त्या दोन माणसांच्या मध्यें उभें राहावें. दार उघडेंच आहे. आंत जाण्याचें तेवढें राहिलें आहे.