दोन वर्षांची रेषा आली कुठून?

पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये मी एक वाक्य ठोकून दिलं होतं: ‘अनाथालयातल्या मुलाला दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालं नाही, तर फारसा फायदा होत नाही.’ आधार होता बुखारेस्टचा प्रसिद्ध अभ्यास. आज तोच पेपर पुन्हा वाचू.

नेल्सन, झीना आणि फॉक्स यांनी बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ मुलं अभ्यासात घेतली. वयं ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, प्रत्येकी ६८. एका गटाला फॉस्टर कुटुंबं दिली. ती प्रशिक्षणासकट प्रकल्पानंच उभी केली होती. दुसऱ्या गटाची व्यवस्था होती तशीच राहिली. २००७ साली ‘सायन्स’मध्ये निकाल आले: ५४व्या महिन्यात सरासरी बुद्ध्यांक अंदाजे ८१ आणि ७३.

या फरकावर माझा विश्वास आहे, कारण गट चिठ्ठीनं ठरले होते. आणखी एक गोष्ट बघा. पुढे दुसऱ्या गटातलीही बरीच मुलं कुटुंबांत गेली, तरी विश्लेषणात त्यांना मूळ गटातच मोजलं. म्हणजे कुटुंबाचा खरा फायदा या आकड्यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता आहे.

आता माझं वाक्य तपासा. लवकर घर मिळालेल्या मुलांची प्रगती जास्त दिसली, हे खरं. पण घर कोणत्या वयात मिळणार, हे चिठ्ठीनं ठरलं नव्हतं. अभ्यास सुरू झाला तेव्हा मूल जेवढं होतं, त्यावर ते अवलंबून होतं. उशिरा घर मिळालेलं मूल बहुतेकदा संस्थेतही जास्त काळ राहिलेलं असतं. मग परिणाम वयाचा की तिथल्या मुक्कामाचा? हा आराखडा ते वेगळं करून दाखवत नाही. एकाच पेपरात एक निष्कर्ष प्रयोगाचा आहे, दुसरा निरीक्षणाचा. मी दोन्ही एकाच वजनानं सांगितले.

एवढा काथ्याकूट कशाला? कारण ‘लवकर घर द्या’ आणि ‘उशीर झाला, आता उपयोग नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यामुळे तान्ह्या बाळांना घरं मिळतात. दुसरं एखाद्या अधिकाऱ्यानं मनावर घेतलं, तर सहा वर्षांचं मूल यादीत तळाशी जातं. आणि पेपर ते दुसरं वाक्य सिद्ध करतच नाही.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा समासात लिहा: चिठ्ठी नेमकी कशाची टाकली होती?