उरायासुत ‘मेन स्ट्रीट’ का नाही?

इंटरनेटवर फिरणारा एक तक्ता तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. रोड म्हणजे दोन ठिकाणं जोडणारा, स्ट्रीट म्हणजे दोन्ही बाजूंना इमारती असलेला, अव्हेन्यू स्ट्रीटला काटकोनात, बुलेव्हार्ड रुंद आणि झाडांचा, लेन अरुंद. परदेशात राहणाऱ्यांच्या हाताखालून हे शब्द रोज जातात: घराचा करार, बँकेचा फॉर्म, पार्सल. त्यामुळे तक्ता कामाचा वाटतो. पण त्यात एक गफलत आहे, आणि ती आपल्याकडच्या पाट्यांवरही झाली आहे.

तक्ता असं धरून चालतो की रस्त्याचा आकार पाहिला की त्याचं नाव कळतं. आता शब्दांचे जन्म बघा. ‘रोड’चं नातं ‘राइड’शी, म्हणजे घोड्यावरून जाण्याशी. ‘स्ट्रीट’ आला लॅटिन ‘स्ट्राटा’वरून, म्हणजे अंथरलेली, फरसबंद वाट. रोमन लोकांनी दगड अंथरून बांधलेल्या वाटांना हे नाव होतं. ‘अव्हेन्यू’ म्हणजे फ्रेंचमध्ये जवळ येणं. मोठ्या वाड्याकडे नेणारी वाट. ‘बुलेव्हार्ड’च्या मुळाशी तटबंदीचा डच शब्द आहे. सतराव्या शतकात पॅरिसचा तट पाडला, त्या जागी झाडं लावून फिरायची जागा केली, आणि तटाचं नाव रस्त्याला चिकटलं. ‘म्यूज’ची गोष्ट तर भन्नाट आहे. लंडनमध्ये राजाचे शिकारी ससाणे पिसं झडण्याच्या दिवसांत ठेवत, ती ही जागा. पुढे तिथे तबेले आले, नाव राहिलं, मग सगळ्याच तबेल्यांच्या गल्ल्यांना म्यूज म्हणू लागले. आज तिथे कोट्यवधींची घरं आहेत.

म्हणजे काय, तर हे शब्द मुळात रस्त्याची रुंदी सांगत नव्हते. त्या जागी माणसांनी काय केलं, ते सांगत होते. तक्ता अगदीच खोटा आहे असं नाही. लंडनच्या जुन्या ‘सिटी’ भागात स्ट्रीट, लेन, ॲली भरपूर, पण नावात ‘रोड’ असलेला एकही रस्ता १९९४ पर्यंत नव्हता. त्या वर्षी हद्द बदलली आणि गॉसवेल रोडचा तुकडा आत आला. रोड गावाबाहेर नेतो, हे तिथे पटतं. अव्हेन्यू आणि स्ट्रीटचा काटकोनही खरा आहे, पण तो मुख्यतः मॅनहॅटनच्या १८११ च्या आराखड्याचा नियम. एका शहराचा नियम जगाचा म्हणून सांगितला की गडबड होते.

तक्त्याची खरी परीक्षा घ्यायची तर जपानला जाऊ. टोकियोतल्या मराठी मंडळींना निशी-कासाई माहीत असतंच. तिथून तोझाई लाइनने दोन स्टेशनं पुढे, नदी ओलांडली की चिबा प्रांतातलं उरायासु. इथल्या पत्त्यात रस्ता नसतोच! भागाचं नाव, मग चोमे, मग ब्लॉकचा नंबर, मग घराचा. पत्ते कसे मांडायचे याचा जपानचा कायदा १९६२ चा आहे. त्यात रस्त्याच्या नावाने पत्ता देण्याचीही सोय आहे, पण जवळजवळ सगळ्या शहरांनी ब्लॉकचीच पद्धत घेतली.

इंग्रजी नावं देऊन बघण्याचा प्रयोगही झाला होता बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने टोकियोत राजवाड्यापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांना ‘ए अव्हेन्यू’, ‘बी अव्हेन्यू’ अशी नावं दिली आणि त्यांना छेदणाऱ्या गोल रस्त्यांना नंबरवाले ‘स्ट्रीट’ केलं. तक्त्याबरहुकूम! १९५२ मध्ये ताबा संपला आणि ती नावंही वापरातून गेली. बाहेरून येऊन राज्य करणाऱ्यांची ती सोय होती. तिथे राहणाऱ्यांना त्यांची गरज नव्हती.

उरायासु मूळचं मासेमारीचं गाव. कोळ्यांनी मासेमारीचे हक्क १९७१ पर्यंत पूर्णपणे सोडले. १९६४ ते १९८० या काळात समुद्रात भर घालून गाव सुमारे ४.४ चौरस किलोमीटरवरून जवळजवळ १७ वर गेलं. जुन्या भागात, होरिए आणि नेकोझाने इथे, अरुंद बोळ आहेत. नव्या भागात सरळ, रुंद, पामची झाडं लावलेला ‘सिम्बॉल रोड’ आहे. तक्ता म्हणेल, हा तर बुलेव्हार्ड. पण उरायासुकरांना रुंदीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची: जमीन कधीची? मोतोमाची म्हणजे मूळ गाव, नाकामाची म्हणजे मधली भर, शिनमाची म्हणजे नवी भर. ११ मार्च २०११ च्या भूकंपात हा फरक पायाखाली दिसला. भर घातलेल्या भागात जमीन पातळ होऊन वाळू-पाणी वर आलं, मॅनहोल जमिनीबाहेर उचलले गेले, घरं कलली. मूळ गाव त्यातून बरंचसं वाचलं. इथे काय केलं गेलं, हे सांगणारं नाव असं कामी येतं.

याच भरीच्या जमिनीवर १५ एप्रिल १९८३ रोजी टोकियो डिस्नेलँड उघडलं. कॅलिफोर्नियातल्या मूळ डिस्नेलँडमध्ये शिरताच ‘मेन स्ट्रीट, यूएसए’ लागते. वॉल्ट डिस्नीच्या लहानपणच्या मिसूरीतल्या मार्सलीन गावाची ती आठवण. अमेरिकन माणसाला ‘मेन स्ट्रीट’ म्हटलं की गावातला एकमेव बाजाररस्ता, न्हावी, बँक, ओळखीची माणसं आणि सगळा साधा समाज आठवतो. उरायासुत इमारती तशाच बांधल्या, पण वर काचेचं छप्पर घातलं आणि नाव दिलं ‘वर्ल्ड बझार’. आतल्या एका आडव्या वाटेला ‘सेंटर स्ट्रीट’ म्हणतात.

मला हे नामांतर आवडतं. छप्पर पावसासाठी आहे, पण छप्पर आल्यावर ती जागा स्ट्रीट उरत नाही. जपानी माणसाला ती त्याच्या स्टेशनाजवळच्या झाकलेल्या बाजारपेठेसारखी वाटणार. मग मेन स्ट्रीटचं ओझं कशाला? ‘बाजार’ हा फारसी शब्द इंग्रजीमार्गे जपानपर्यंत गेला, आणि आपल्याला तर तो घरचाच. गंमत म्हणजे आपला ‘रस्ता’ही फारसीतून आलेला, आणि फारसीत बाजारातल्या दुकानांच्या सरळ रांगेला ‘रास्ते’ म्हणतात. नावात खोट आहे ती ‘वर्ल्ड’ची. इमारती सगळ्या अमेरिकन, मग जग कुठलं? तरीही भाषांतर म्हणून हे डोळस काम आहे. शब्दाला शब्द न ठेवता, लोक तिथे काय करतील ते पाहून नाव ठेवलं.

हीच कसोटी मुंबईला लावून बघा. प्रिन्सेस स्ट्रीटचं शामलदास गांधी मार्ग झालं. लॅमिंग्टन रोडचं डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. फोर्ब्ज स्ट्रीटचं डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग. साहेबांची नावं काढली, ठीकच केलं. माझी तक्रार शेवटच्या शब्दाबद्दल आहे. स्ट्रीट असो की रोड, सगळ्यांवर ‘मार्ग’चा एकच शिक्का. एस्प्लनेड रोड महात्मा गांधी मार्ग झाला, तेव्हा लॉर्ड-लेडीचं नाव पुसलं गेलं नाही. किल्ल्यापुढे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलेलं मैदान, म्हणजे एस्प्लनेड, ते पाटीवरून गेलं. तट १८६० च्या दशकातच पाडला होता. त्याची आठवण त्या शब्दात होती.

आणि आपल्याकडे शब्द कमी होते का? पुण्यात तांबट आळी आहे, बुरुड आळी आहे. ‘आळी’ म्हणजे ओळ, एका धंद्याच्या घरांची ओळ. फारसी ‘रास्ते’ची ही सख्खी बहीणच. कोकणातली ‘पाखाडी’ म्हणजे दगड बसवून केलेली पायवाट. ‘स्ट्रीट’चा मूळ अर्थ हाच. शेतांच्या बांधांमधून जाणारी ‘पाणंद’ ही इंग्रजी ‘लेन’ला अगदी जवळची. आणि सरकारला हे शब्द चालत नाहीत असंही नाही: शेत-पाणंद रस्त्यांसाठी राज्याची योजनाच आहे. शेतात चालतो तो शब्द शहराच्या पाटीवर का नको?

तुमच्या-माझ्या मराठीत आता बहुतेक वेळा ‘रोड’ आणि ‘गल्ली’ एवढंच उरलं आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांपर्यंत तेही अर्धंच पोचतं. ‘मार्ग’ महामार्गाला शोभतो, तिथे राहू द्या. पण चार पावलांच्या बोळाला कुणाच्या नावाने मार्ग केलं, की तिथे भांडी घडवत होते की टोपल्या विणत होते, हे विचारायचंही सुचत नाही. म्हणून पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा एक विचारा: आपल्या घरापुढच्या वाटेला आजी काय म्हणायची? रोड नक्कीच म्हणत नसेल.